माळ्यावरची जुनी विळी पुन्हा कामाला लावताना

जुनी विळी घरात सापडली की लोक आधी काचपेपर आणायला पळतात. पाट घासून पांढराफटक करतात, पात्यावर ग्राइंडर फिरवतात, वरून चकचकीत वॉर्निश मारतात आणि दिवाणखान्यात मांडून ठेवतात. ज्यांना शोभेची वस्तू हवी त्यांनी खुशाल तसं करावं. इथे लिहितोय ते त्या विळीवर उद्या भोपळा चिरायचा आणि नारळ खवायचा बेत असलेल्यांसाठी. तिला फार थोडं करावं लागतं, पण ते क्रमानं करावं लागतं. लोखंडाचा गंज काढायला जे पाणी आणि आंबट लागतं तेच लाकडाला नको असतं, आणि या वस्तूत दोन्ही एकमेकांत रुतलेली असतात.

आधी नुसती बघा

विळी खिडकीपाशी उजेडात ठेवा आणि काहीही न करता नीट न्याहाळा. पातं घडीचं आहे की पक्कं रोवलेलं? घडीच्या विळीत पातं लोखंडी पट्ट्यांच्या बेचक्यात एका खिळ्यावर फिरतं आणि वापरून झालं की पाटावर आडवं होतं. पक्क्या विळीत पात्याचं खालचं टोक लाकडात ठोकून बसवलेलं असतं. कोकण-गोव्यातली आदोळी तर छोट्या स्टुलासारखी असते, बसायचंही तिच्यावरच. पुढचं निम्मं काम या फरकावर ठरतं, कारण घडीचं पातं सुटं करता येतं आणि रोवलेलं शक्यतो काढायचं नसतं.

मग लाकूड. साग, फणस, शिसव, आंबा यांपैकी काहीही असू शकतं. साग आणि फणस टिकतात. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. पाटावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर विळी काळ्या कागदावर दोन-चार दिवस ठेवा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत लाकूड पोखरणारे किडे जिवंत आहेत. भुसा नसेल तर ती जुनी, रिकामी भोकं आहेत, त्यांची काळजी नको. पाट ठोकल्यावर पोकळ वाजला आणि नख दाबल्यावर आत गेलं, तर ते वाळवीचं काम. तेव्हा पाट वाचवण्याच्या भानगडीत न पडता सुताराकडून नवा करून घ्या आणि जुनं पातं त्यावर बसवा.

पाटाला ऑइल पेंट असेल तर थोडं थांबा. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा आपल्याकडचा नियम २०१६ चा आहे. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवू नये. पाण्याचा फवारा मारत पत्र्याच्या पट्टीनं ओलाच खरवडावा, खाली वर्तमानपत्र पसरावं, तोंडाला मास्क लावावा आणि लहान मुलांना लांब ठेवावं.

शेवटी विळी सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का ते पाहा. पातं धरून हळूच हलवा आणि खिळ्यात किती खेळ आहे ते बघा. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. सुटं केल्यावर कुठली चकती कुठे होती हे आठवत नाही.

आणि गंजलेल्या पात्याला धार नसते असं समजू नका. बागेच्या पाइपचा एक तुकडा उभा चिरून धारेवर बसवा आणि धार लावायची वेळ येईपर्यंत तो काढू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून बघा.

सुटं करणं

घडीच्या विळीचा खिळा बहुधा गंजून धरलेला असतो. हातोडीनं सुरुवात करू नका. रॉकेल मिळत असेल तर त्यात थोडं खोबरेल मिसळून, नाहीतर डब्ल्यूडी-४० हे फवारणीचं तेल घेऊन सांध्यात दोन्ही बाजूंनी थेंब थेंब सोडा. रात्रभर राहू द्या, सकाळी पातं अगदी थोडं मागेपुढे करा, पुन्हा तेल सोडा. घाईनं वाकवलं तर पट्टी फाकते, आणि फाकलेली पट्टी पुन्हा सरळ बसवणं लोहाराचं काम आहे. तेल लाकडावर सांडू नये म्हणून सांध्याखाली चिंधी ठेवा.

खिळ्याची दोन्ही डोकी ठोकून पसरवलेली असतील तर एका बाजूचं डोकं कानशीनं घासून सपाट करा आणि मग भोकापेक्षा किंचित बारीक असा दुसरा खिळा त्यावर टेकवून जुना खिळा दुसऱ्या बाजूला ठोकून काढा. परत बसवताना तो खिळा चालणार नाही. त्याऐवजी भोकात घट्ट बसेल असा बोल्ट, दोन वॉशर आणि आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप न सुटणारा नट घ्या. मी तर चांगल्या स्थितीतला खिळाही बदलून बोल्टच लावतो, कारण पुढच्या वेळी उघडायला सोपं जातं. जुन्या वस्तूत नवं काही घालू नये असं मानणाऱ्यांना हे पटणार नाही.

पट्ट्यांचे स्क्रू लाकडात अडकले असतील तर आधी त्यांच्या खाचेतली माती सुईनं काढा, खाच पूर्ण भरेल एवढ्या रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पहिल्यांदा किंचित आवळून मग सोडवा. तरीही हलेना तर सोल्डरिंगच्या गनचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा. धातू तापून फुगतो, थंड होताना आकसतो, आणि लाकडाची पकड ढिली होते.

पक्कं रोवलेलं पातं घट्ट असेल तर त्याला हात लावू नका. हलत असेल तर त्याचा उपाय पुढे येतोच.

गंज

गंज दोन तऱ्हेचा दिसतो. बोटाला लागणारा, पापुद्रे निघणारा तांबडा गंज काढायचा. त्याखाली किंवा शेजारी जो गुळगुळीत काळपट थर असतो तो ठेवायचा. वर्षानुवर्षं भाज्यांचा रस लागून तो तयार झालेला असतो आणि नव्या गंजाला थोडाफार अडवतो. पातं आरशासारखं करायच्या नादात लोक तोच घासून टाकतात आणि मग पहिल्याच पावसाळ्यात पातं पुन्हा तांबडं झालं म्हणून कुरकुरतात.

गंज कमी असेल तर पात्याला थोडं गोडं तेल लावून तारेच्या घासणीनं चोळा आणि चिंधीनं पुसून घ्या. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

जास्त असेल तर आंबट लागेल. बाजारात मिळणाऱ्या साध्या व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, तेवढं पुरतं. त्याऐवजी एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, विरघळवलं तरी चालतं आणि स्वस्त पडतं. सुटं झालेलं पातं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पूर्ण बुडेल असं ठेवा. दर दोन तासांनी बाहेर काढून ब्रशनं घासून बघा. गंज सुटला की काम संपलं. आंबटाला गंज आणि लोखंड यांतला फरक कळत नाही. तीन-चार दिवस विसरून राहिलात तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं आणि पात्यावर खड्डे पडतात.

पातं लाकडात रोवलेलं असेल तर ते बुडवता येत नाही. तेव्हा पात्याच्या बुडाशी, लाकडाला लागून, मेणबत्तीचं मेण चोळून एक बांध करा. टिश्यू पेपर व्हिनेगरमध्ये भिजवून पात्याला गुंडाळा आणि वरून स्वयंपाकघरातली प्लास्टिकची फिल्म लपेटा, म्हणजे कागद वाळणार नाही. खवणीसाठी विळी उलटी करून दोन डब्यांवर टेकवा आणि तिचं टोक व्हिनेगरच्या वाटीत सोडा.

संडास धुण्याचं ॲसिड वापरायचा सल्ला कुणी दिलाच तर तो ऐकू नका. त्याच्या वाफेनं शेजारची हत्यारंही गंजतात, पातं खडबडीत होतं आणि श्वासाला त्रास होतो तो वेगळाच.

आंबटातून काढलेलं पातं साध्या पाण्यानं धुवा. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवा, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं. परत धुवा आणि लगेच, म्हणजे खरोखर लगेच, पुसून हेअर ड्रायरनं किंवा उन्हात वाळवा. नुकतं उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर काही मिनिटांत त्यावर पिवळसर झाक येते. कोरडं झालं की तेलाचं बोट फिरवा.

पाटावर पितळी फुल्या किंवा पट्ट्या असतील तर त्यांच्याभोवती कागदी चिकटपट्टी लावा. चिंच आणि मीठ, किंवा पितांबरी, कापसाच्या काडीवर घेऊन फुली चोळा आणि ओल्या फडक्यानं दोन-तीनदा पुसा. चिंचेचं पाणी लोखंडी खिळ्याशेजारच्या लाकडात मुरलं तर तिथे काळा डाग पडतो, कारण लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून शाईच तयार होते. तसे डाग आधीपासून असतील तर राहू द्या. ते काढायला लागणारं ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, आणि ज्या पाटावर भाजी पडणार तिथे ते नकोच.

धार

नवशिक्यांना याच कामाची सगळ्यात जास्त भीती वाटते, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

कोपऱ्यावरच्या मोटरवाल्याकडे पातं देऊन टाकणं सोपं आहे. पण वेगानं फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पात्याची पातळ कड पटकन तापते. कड निळी झाली याचा अर्थ तिथलं पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत गेलं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. ती धार दोन दिवस टिकते. सायकलच्या पायडलवर चाक फिरवणारा धारवाला अजून तुमच्या गल्लीत येत असेल तर त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. त्याचा वेग कमी असतो, तरी मधूनमधून पातं पाण्यात बुडवायला सांगा.

घरी करायचं तर १२०, २४०, ४०० आणि ८०० नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे ओले करून वापरायचे काचपेपर, आणा. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात. विळीचं पातं आतल्या बाजूनं, म्हणजे बसणाऱ्याकडे, वळलेलं असतं आणि धार त्या वळणावरच असते. तिथे सपाट दगड टेकत नाही. त्यासाठी पेपर एखाद्या जुन्या लाटण्यावर गुंडाळून दोन्ही टोकांना रबरबँड लावा. लाटण्याची गोलाई वळणात बरोबर बसते.

आता धारेचा उतार, म्हणजे कडेपाशी तिरका घासलेला पट्टा, बघा. तो दोन्ही बाजूंनी असेल तर दोन्हीकडून घासायचं. एकाच बाजूनं असेल तर त्याच बाजूनं घासायचं आणि दुसरी बाजू सपाट ठेवायची. जो होता तोच उतार राखायचा. तो चुकू नये म्हणून एक सोपी युक्ती आहे. धारेच्या उतारावर काळ्या मार्करनं रेघ ओढा आणि लाटणं दोन-तीनदा फिरवा. सगळी शाई एकसारखी निघाली तर कोन बरोबर आहे. फक्त कडेची गेली तर लाटणं जास्त उभं धरलंय, फक्त वरची गेली तर जास्त आडवं.

पाइपचा तुकडा आता काढा. विळी हलणार नाही अशी टेकवा. जमिनीवर ठेवून पाय देऊन बसू नका, टेबलाच्या कडेला शिकंज्यानं आवळा. लाटणं पात्याच्या मागून कडेच्या दिशेनं बाहेर न्या, कडेवरून आत कधीच नाही. हात निसटला तर तो धारेवर न येता धारेपासून दूर गेला पाहिजे. कडेला दाते पडले असतील तरच १२० पासून सुरुवात करा, नाहीतर २४० पुरे. पेपर पाण्यानं ओला ठेवा.

काही वेळानं दुसऱ्या बाजूनं बोटाचं पेर कडेकडे हळूच सरकवलं तर एक बारीक खरखर लागते. उतारावरचं लोखंड कडेपर्यंत घासलं जाऊन पलीकडे उलटलेलं असतं, ती ही खरखर. ती पात्याच्या पूर्ण लांबीत लागायला हवी. जिथे लागत नाही तिथे अजून घासायचं बाकी आहे. पूर्ण लांबीत आली की मग पुढचा नंबर, आणि दर नंबरला दाब कमी कमी. ८०० नंतर दुसरी बाजू दोन-चार वेळा हलकेच घासून ती उलटलेली कड काढून टाका. जुना चामड्याचा पट्टा पात्याच्या मागून कडेच्या दिशेनं काही वेळा फिरवला तर धार आणखी गोड होते.

परीक्षेसाठी पिकलेला टोमॅटो घ्या. साल न दबता पात्यानं आत शिरायला हवं. कागद कापून बघणं दिसायला छान, पण विळीला त्याचा उपयोग नाही.

खवणीला वेगळं तंत्र लागतं. तिच्या दात्यांच्या मधल्या खाचा बारीक त्रिकोणी कानशीनं, एकाच बाजूनं, प्रत्येकी दोन-तीन घासांत उघडायच्या. सगळ्या दात्यांना सारखे घास द्या, नाहीतर एखादा दाता उंच राहतो आणि खोबऱ्याबरोबर करवंटीही खरवडतो. कानशीचा कीस तारेच्या ब्रशनं पूर्ण झाडा, कारण तो खोबऱ्यात मिसळला तर दिसतही नाही.

पाट

लाकडावरचा चिकट काळा थर म्हणजे तेल आणि धूळ. भांड्याच्या साबणाचा फेस, फक्त फेस, ब्रशवर घेऊन घासा आणि लगेच घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा. पाट नळाखाली धरू नका. धुण्याच्या सोड्यानं थर पटकन निघतो खरा, पण साग त्यानं काळा पडतो. पुसून झाल्यावर पाट सावलीत दोन दिवस उभा ठेवा. ओला पाट उन्हात आडवा टाकला की एका बाजूनं वाळून वाकतो.

काचपेपर फक्त कूस हाताला लागत असेल तिथे, २२० नंबरचा, रेषांच्या दिशेनं. पायाच्या घोट्यानं झिजून आलेली बाक किंवा सुरीच्या चरा घालवायची गरज नाही.

जिवंत किडीला फवारणीचं औषध मारू नका, या पाटावर अन्न येणार आहे. पाट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार लाकडावर दव धरतं.

बारीक भेगांना हात लावू नये, त्या ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. आरपार भेग असेल तर त्यात अरल्डाइट भरून शिकंज्यात चोवीस तास आवळून ठेवा. साधा पांढरा फेविकॉल पाण्यानं सुटतो. रोवलेलं पातं हलत असेल तर त्याच्या बुडाशी त्याच जातीच्या लाकडाची पातळ पाचर अरल्डाइटमध्ये बुडवून ठोका. पूर्वी हे काम लाखेनं होई. तलवारीचं पातं मुठीत तशाच तापवलेल्या लाखेनं बसवत. लाख वापरायची हौस असेल तर जरूर वापरा, फक्त ती उष्णतेनं मऊ होते हे ध्यानात ठेवून विळी शेगडीशेजारी ठेवू नका.

विळी डुगडुगत असेल तर कडप्प्याच्या ओट्यावर खरखरीत काचपेपर पसरून त्यावर पायपट्ट्या घासा. दर काही घासांनी फरशीवर ठेवून बघा. हे टाळू नका, कारण डुगडुगणारी विळी बोथट विळीइतकीच धोक्याची असते.

आता तेल. खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल लाकडात वाळत नाही, काही दिवसांनी चिकट होतं आणि खवट वास मारतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून तेच चांगलं. मात्र हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ घेऊ नका, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. घाण्याचं, खाण्याचं जवस तेल घ्या. विदर्भात चटणीसाठी जवस घेतात तिथे ते सहज मिळतं, इतरत्र आयुर्वेदिक दुकानात. चिंधीवर थोडं घेऊन चोळा, अर्ध्या तासानं उरलेलं सगळं पुसून काढा, आणि काही दिवसांनी दुसरा हात द्या. पूर्ण वाळायला आठवडे लागू शकतात. एवढा धीर नसेल तर औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा. ते वाळत नाही, पण खवटही होत नाही. दर महिन्याला पुन्हा लावावं लागतं एवढंच.

जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते आणि बोळ्यात ती साठून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

जोडणी आणि वापर

बोल्ट इतकाच आवळा की पातं हातानं उभं करता यावं पण आपल्या वजनानं पडू नये. उभं केलेलं पातं बुडाशी टेकून अडकायला हवं. पाटावर पाय देऊन बसण्याआधी पात्याला लाकडाचा ठोकळा टेकवून जोरात दाबा आणि मुडपत नाही याची खात्री करा. अडकण झिजली असेल तर लोहाराकडे जा. तो तिथे गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाचा तुकडा जोडून देईल, आणि हे काम घरगुती जुगाडावर सोडण्यासारखं नाही.

पहिले काही दिवस दुधी, कोबी, काकडी असं सौम्य चिरा. कैरी, चिंच, केळफूल यांनी लोखंड काळं पडतं आणि भाजीलाही चव येते. महिनाभरात पात्यावर तो काळपट थर धरला की हा त्रास कमी होतो. काम झालं की पातं धुऊन लगेच पुसायचं, सिंकमध्ये ओलं ठेवायचं नाही. पावसाळ्यात विळी चार-आठ दिवस वापरात नसेल तर पात्याला तेलाचं बोट फिरवून, कागद गुंडाळून, पातं आडवं करून उंचावर ठेवायची. रोवलेल्या पात्याची असेल तर पाइपचा तो चिरलेला तुकडा धारेवर परत बसवायचा.